भेंडीची ओळ उगवतीला

मित्रमंडळी जमली की कोणीतरी म्हणतंच, "तुझ्या त्या टेलिफोनवरच्या रांगोळीचं सांग ना!" मग एक किस्सा सांगायला घेतला की बाकीचे मागून धक्काबुक्की करत पुढे येतात.

परदेशातलं शिक्षण संपवून मी किन्हवलीच्या शाळेत आले, ती डोक्यात एकच वेड घेऊन. दोन गावांतल्या पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत मिळून गणित करायचं! किन्हवलीच्या मुलांनी ठिपक्यांची रांगोळी काढायची आणि ती न दाखवता, नुसती सांगून, मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या मुलांकडून हुबेहूब काढून घ्यायची. सुट्टीत कोण येणार, असं सगळे म्हणाले. दोन्हीकडे वर्ग भरून पोरं आली!

*

दोन्ही शाळांत एकेक कॉम्प्युटर होता आणि मी वेबकॅम आणले होते. पण किन्हवलीत वीज आली की धसईची जायची, धसईची आली की आमची. वैतागून मी धसईच्या भोईर गुरुजींना फोन केला आणि बराच वेळ रडगाणं गायलं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "ताई, आता आपण बोलतोय, तसंच पोरांना बोलू द्या की!"

वेबकॅम कपाटात गेले.

*

आमच्या मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी ऑफिसातला फोन स्पीकरवर टाकून खिडकीत आणून ठेवला, म्हणजे अंगणातली रांगोळी बघत बोलता येईल. त्यांनी नुकताच मोबाईलही घेतला होता, पण त्यावरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. "फोन कितीबी वापरा. मोबाईलला हात लावायचा नाय!" एवढी एकच अट.

पहिल्या दिवशी सातवीतला गणेश फोनवर बसला. "हा ठिपका त्या ठिपक्याला जोडा."

धसईहून आवाज आला, "कुठला हा?"

"अरे हा रे!" गणेशचं बोट फोनला टेकलं. "दिसत नाय का तुला?"

*

मग पोरांनीच युक्ती काढली. आडव्या ओळींना भाज्यांची नावं, उभ्या ओळींना आकडे. "भेंडी चार ते कारलं पाच!" असं जोरात सुरू झालं.

गणेशचे आजोबा भाजीची टोपली घेऊन धसईच्या बाजाराला निघाले होते. खिडकीशी थबकून त्यांनी विचारलं, "पलीकडं कोण बोलतंय रे?"

"धसई, आजोबा!"

"धसईत भेंडी चारला? मग मी कशाला एस्टीत बसू?" आणि टोपली घेऊन घरी परत!

*

सांगण्यात सगळ्यांत तरबेज होती वाडीवरची हिरा. दिवाळी झाली की तिचं घर वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. तोवर तिची शाळा बंद. रोज मला एकच विचारायची, "ताई, आमी जायच्या आत रांगोळीतला मोर पुरा होईल ना?"

त्याच घाईत ती एकदा फोनवर म्हणाली, "आता शेपूट डोंगराकडं वळवा."

दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या सायबर कॅफेतून फोटो आला. धसईच्या मोराची शेपूट चोचीवरून गेली होती! आमचा माहुलीचा डोंगर मावळतीच्या अंगाला, त्यांचा घाट उगवतीला.

"तुमचा डोंगर चुकीच्या बाजूला हाय!" गणेश ओरडला.

"मग तुमचा हलवा!" धसई.

भांडण रंगात आलं, तेव्हा हिरा हळूच म्हणाली, "डोंगर दोन हायत. उगवती एकच हाय ना? दोघांनीबी भेंडीची ओळ उगवतीला धरू."

मी पुस्तकांतून दिशा शिकले होते. दोन गावांना एका दिशेला आणणं मी त्या दिवशी पाहिलं.

*

मोर नव्याने सुरू झाला. पिसारा तेवढा राहिला होता आणि भट्टीचा ट्रक आला.

धसईची पोरं अडून बसली. "हिरा नाय, तर आमी पिसारा काढणार नाय!" पिसारा नाताळच्या सुट्टीवर गेला.

ट्रकमधून हिराने विचारलं, "सकाळचीच वेळ ना, ताई? शाळेचा नंबर माझा पाठ हाय."

मी मान डोलावली. आणखी काय करणार?

*

नाताळच्या सुट्टीत पहिल्या सकाळी अंगणात पुन्हा ठिपके पडले. हिराच्या जागी गणेश बसला, तोंड पाडून. धसईचा नंबर फिरवणार, एवढ्यात फोनच वाजला.

मोठ्या सरांनी उचलला, पलीकडचं ऐकलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, दातांनी टरकन प्लास्टिक फाडलं, धसईचा नंबर लावला आणि मोबाईल फोनच्या स्पीकरला चिकटवून धरला.

"बोल गो. धसई ऐकतेय."

"भट्टीचा मुकादम चहाला गेलाय, त्याचा मोबाईल हाय, लवकर घ्या! हिथं डोंगर नाय ताई, पण उगवती हाय. विटांचे ठिपके मांडलेत, भेंडीची ओळ उगवतीला. भट्टीवरची समदी पोरं बसलीत. हां, धसई... कारलं सात!"