पंप कोरडा होता

माझ्या पुतण्याला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, असे आमच्या घराण्यात आता ठरले आहे. त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तसे सांगतो, त्याची बायको सांगते, आणि तिचा भाऊ तर जणू स्वतः शेताच्या धुऱ्यावर उभा असल्यासारखा सांगतो. धुऱ्यावर मी उभा होतो. ज्याला राग येणार असेल त्याला खुशाल यावा.

त्या दुपारी भातकुलीच्या शेतात फवारणीचा पंप खुंटीला टांगलेला होता. त्यात पाण्याचा थेंब नव्हता. औषधाचा डबा फोडलेला नव्हता. पुतण्या लिंबाखाली बसून रंगीत पुडीतला वाळका पाला सिगारेटमध्ये भरत होता. मी हटकले तर हसला.

"मोठेबाबा, गांजा नाही हा. हर्बल हाय. लघवीच्या टेस्टमंदी बी येत नाही."

"टेस्टमध्ये येत नाही म्हणजे अंगात भिनत नाही का रे?"

त्याने सिगारेट पेटवून ओढली, आणि उत्तर त्याच्या देहाने दिले. बाहुल्या पसरल्या, मानेची शीर उडू लागली, भडभडून ओकला आणि पाहता पाहता झटके देत मातीत आडवा झाला. शेजारच्या वावरातला शेतकरी ताकाचा गडवा घेऊन धावला. गांजा आंबटाने उतरतो ही आमच्याकडची जुनी समजूत. झटके येणाऱ्याच्या तोंडात ओतलेले ताक फुप्फुसात जाते. मी गडवा हिसकावून फेकला, पुडी खिशात टाकली आणि त्याच शेतकऱ्याच्या गाडीतून पुतण्याला अमरावतीला नेले. वाटेत भावाला फोनवर सारे सांगितले.

तरीही आम्ही पोचण्याआधी अमरावतीतल्याच राजापेठेतल्या घरून दवाखान्यात आलेल्या भावाने 'फवारा लागला' असे सांगून ठेवले होते! फवाऱ्यात अब्रू जात नाही ना. उलट चार लोक हळहळतात.

डॉक्टरांनी मात्र डोळे तपासले आणि थबकले. "फवाऱ्याच्या विषाने बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते. याच्या बाहुल्या मोठ्या आहेत, तोंड कोरडे आहे. खरे सांगा. त्या विषाचा उतारा दिला तर हे धावणारे हृदय आणखी धावेल."

भाऊ फरशीकडे पाहू लागला. त्याच्या साळ्याने माझा दंड दाबला. "भाऊ, तुमी चूप बसा. पोराची अकोल्याच्या जठारपेठेतली सोयरीक जमून राहिली."

मी पुडी डॉक्टरांपुढे ठेवली.

लघवीच्या तपासणीत गांजा निघाला नाही, तेव्हा साळा केवढा फुलला! "पाहा! काहून पोराले बदनाम करून राहिले?" डॉक्टरांनीच त्याला समजावले की ती तपासणी झाडाचा गांजा ओळखते, हे कारखान्यातले रसायन पाल्यावर शिंपडलेले असते. मेंदूतली जी कळ गांजा अर्धवट दाबतो, ती हे पुरती दाबून धरते. हृदय उधळते, झटके येतात, माणूस भ्रमिष्ट होतो, मूत्रपिंडेही बंद पडू शकतात. पुढे पुतण्याची लघवी आटलीही. तो वाचला, मूत्रपिंडे सावरली. पुन्हा हा धूर घेतला तर सावरतीलच असे नाही, एवढे डॉक्टरांनी बजावले.

पुढे मुलगी पाहायला अकोल्याला निघालो, तेव्हा गाडीत पुतण्या सहज म्हणाला, "डॉक्टरले काय समजते, मोठेबाबा? फवाराच लागला असन मले."

पाव्हण्यांसाठी रचलेले खोटे त्या पोराने स्वतःच गिळले होते. फवाराच लागला असेल, तर पुडी निर्दोष ठरते.

म्हणून जठारपेठेत पोह्यांच्या बशा फिरत असताना, भावाने फवाऱ्याची कथा सुरू करताच, मी म्हणालो, "पंप कोरडा होता." आणि पुढचेही सांगितले. सोयरीक मोडली. परतीच्या गाडीत मला जागा उरली नाही. मी एसटीने आलो.

आता मी घरभेद्या आहे. असेन. परंतु मला घरभेद्या म्हणणाऱ्यांनी हेही सांगत जावे: दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या माझ्या ओसरीवर आला, लाल डोळ्यांनी, आणि खिशातून काढून एक वस्तू त्याने माझ्या पायाशी आपटली. "घ्या! झालं समाधान?"

तसलीच रंगीत पुडी होती. नवी, न फोडलेली.

मी ती उचलली. हो म्हणालो.