चार भाषांतला माझा भाऊ

नांदेडच्या आमच्या शाळेत एकदा मधल्या सुट्टीत दोन मॅडमचा वाद रंगला होता. टीव्हीवर लागलेल्या पिक्चरमधला मुका शिंपी बघून आपल्याला रडू आलं, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणत होती, शिंपी ठीक आहे, पण आदल्या आठवड्याच्या पिक्चरमधला तो बायकोला छळणारा सरपंच ज्यानं केला, तो खरा नट. मी वह्या तपासत होते. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हटलं, "दोघं एकच आहेत. माझा धाकटा भाऊ आहे तो."

कुणाचा विश्वास बसेना. शेवटी मी मोबाइलमधला राखीपौर्णिमेचा फोटो दाखवला. त्यात तो बनियनवर बसून माझ्या हातची पुरणपोळी खात होता. दोघींनी फोटो मोठा करकरून पाहिला. "मॅडम, हे तर कुणी तिसरेच दिसतात हो!" एक जण म्हणाली. माझ्या भावाचं एवढं कौतुक मी कुठल्याच पेपरात वाचलेलं नाही.

आम्ही उदगीरचे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमच्या वडिलांची, अप्पांची आडत होती. बिदरकडचे शेतकरी कन्नडात बोलायचे, देगलूरकडच्यांच्या बोलण्यात अर्धं तेलुगू, आणि हमालांची दखनी हिंदी तर दिवसभर कानावर. शाळा सुटली की भाऊ पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसायचा. घरी आला की चुलीपुढं बसलेल्या आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, सगळा बाजार करून दाखवायचा. भाव पाडणारा व्यापारी, हिशेबात घोळ झाला म्हणून रुसलेला शेतकरी, पान खात भांडणारा हमाल. अव्वाची भाकरी तव्यावर करपायची.

एकदा त्यानं दुकानातच एका लंगडत चालणाऱ्या गिऱ्हाइकाची नक्कल केली. गिऱ्हाईक मोकळ्या मनाचं होतं, पोट धरून हसलं. अप्पांना मात्र हसू आलं नाही. माणूस गेल्यावर ते म्हणाले, "लोकांच्या व्यंगावर पोट भरणार हायस का रे तू?" तो मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर त्यानं दुकानात कुणाची नक्कल केली नाही. बघायचं मात्र सोडलं नाही.

लातूरला शिकून तो मुरुडच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला. अप्पा खूश होते. तीन वर्षं सरली आणि एका सकाळी तो बॅग घेऊन माझ्या दारात उभा.

"अक्का, नोकरी सोडून आलोय."

"अप्पांना सांगितलास?"

"न्हाई. तू सांग."

मी उदगीरला जाऊन सांगितलं. अप्पांची पूजा नुकतीच आटोपली होती, कपाळावरचा विभूतीचा पट्टा अजून ओला होता. "ठीक हाय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलायचे थांबले. रागावले नाहीत, घराबाहेर काढलं नाही. तो मुंबईहून आला की एकाच पंगतीला जेवायचे, पण बोलणं अव्वामार्फत. "त्याला विचार, भाजी पाहिजे का." तोही अव्वालाच सांगायचा, "पाहिजे म्हणावं." हे असं वर्षानुवर्षं चाललं.

त्याचा पहिला पिक्चर बघायला मी, माझे मिस्टर आणि अव्वा लातूरच्या थिएटरात गेलो. मध्यंतर झालं तरी त्याचा पत्ता नाही. नंतर कधीतरी एक पोस्टमन पाठमोरा आला, पत्र देऊन पाठमोराच गेला. आम्हा दोघांच्या लक्षातही आलं नाही. अव्वा मात्र ताडकन उभी राहिली. "आला! कान बघा, माझ्या लेकराचे कान हायत ते!"

मागून कुणी तरी म्हणालं, "मावशी, खाली बसा की."

"बसते बाबा. पण माझा लेक हाय त्यो."

उदगीरला परतल्यावर तिनं शेजारणीला सगळी हकिकत सांगितली, तीही अप्पांना आतल्या खोलीत स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात.

मग कामं येत गेली. फौजदार, आचारी, काझी, भटजी, मंत्र्याचा पीए, नवरीचा बाप. अंगावर वेष कुणाचाही असो, आत गळ्यातलं इष्टलिंग तसंच असायचं. एका कन्नड पिक्चरमध्ये ठरलेला नट ऐन वेळी आला नाही, तेव्हा ह्यानं शेतकऱ्याचा संवाद असा काही म्हटला, की डायरेक्टरनं विचारलं, "कर्नाटकातलं गाव कुठलं तुमचं?" हा म्हणाला, "उदगीरचा मोंढा." पुढं तेलुगू आलं. हिंदीत तर त्याला हैदराबादचाच समजायचे. मोंढ्यात फुकट ऐकलेल्या भाषांवर तो चार ठिकाणी उभा राहिला. मला हे अप्पांना सांगावंसं वाटायचं, पण विषय काढला की ते पेपर उघडायचे.

मी एकदा चिडून त्याला म्हटलं, "असले दोन मिनिटांचे रोल कशाला घेतोस रे?" तो म्हणाला, "रोल लहान हाय हे त्या माणसाला कुठं ठाऊक असतंय, अक्का? त्याच्या घरी तोच कर्ता असतो."

अव्वा गेली आणि पुढच्याच वर्षी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी त्यांना नांदेडला माझ्याकडं आणलं. भाऊ शूटिंगमधून चार दिवस जरी मोकळा झाला तरी येऊन राहायचा. त्यांना अंघोळ घालायचा, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून घ्यायचा, काठीच्या आधारानं चालवायचा, कपाळाला विभूती लावायचा. आता मध्ये बोलायला अव्वा नव्हती, आणि अप्पांना बोलता येत नव्हतं. दोघं गुपचूप एकमेकांजवळ बसलेले असायचे.

असाच आलेला असताना एक दिवस स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, "अक्का, मेन रोल आलाय. पहिल्यांदाच. पण मी न्हाई म्हणणार हाय."

"का?"

"अर्धांग झालेल्या म्हाताऱ्या कंपाउंडरचा रोल हाय. मी केला तर ते अप्पांचंच होणार. बापाचं दुखणं विकलं असं होईल."

मी म्हटलं, "मग त्यांनाच विचार."

तो अप्पांच्या पलंगाशेजारी फरशीवर बसला आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुमची इच्छा नसंल तर मी करणार न्हाई." अप्पांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. आम्ही समजलो, नकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजा करत होते. भाऊ व्हरांड्यात एकटाच चालून बघत होता. हात पोटाशी दुमडलेला, उजवा पाय फरशीवर घासत. रोल तर तो सोडणारच होता, पण अंगातली खोड. तेवढ्यात दाराजवळच्या पलंगावरून बघत असलेल्या अप्पांच्या काठीचे फरशीवर ठोके पडले. तो दचकून थांबला. त्याचा चेहरा दुकानात बोलणी खाल्ल्यासारखा झाला.

अप्पांनी आपल्याला उठवायची खूण केली. आम्ही उठवलं. ते काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले, काठी माझ्याकडं दिली, आणि डाव्या हातानं त्याची कंबर धरून वर ढकलली. मग काठी परत घेऊन स्वतः चालून दाखवलं. तेव्हा कळलं, की त्यांचा पाय घासत नव्हता. कंबर उचलून ते पाय बाहेरून गोल फिरवत पुढं टाकायचे. वर्षभर मी रोज बघत होते, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

अप्पा पुढं आणि तो मागं, असं आमच्या व्हरांड्यात सुरू झालं. तो चुकला की अप्पा मान हलवायचे, पुन्हा. सदरा घालताना बाही आधी कोणत्या हातात, घोट घेताना ठसका लागू नये म्हणून मान कशी झुकवायची, ओठांच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ कुणाला दिसायच्या आत उपरण्यानं कशी टिपायची, हे सगळं त्यांनी दाखवलं. ती लाळ मलाही दिसू नये म्हणून जपणारे अप्पा. मी आत जाऊन गॅस उगाच बारीक-मोठा करत राहिले.

पिक्चर नांदेडला लागला तेव्हा दुपारच्या खेळाला मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. एका प्रसंगात म्हाताऱ्याला मुलीचं नाव काही केल्या उच्चारता येत नाही आणि तो आपल्याच फजितीला हसतो. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी अप्पांकडं पाहिलं. तळहातावर दाणे घेऊन माल पारखताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे, तसे झाले होते. दिवे लागल्यावर लोक उठून टाळ्या वाजवू लागले. अप्पांनी डावा हात मांडीवर आपटायला सुरुवात केली. एका हातानं टाळी कशी वाजवणार, म्हणून मी माझा हात पुढं केला. त्यावर ते वाजवत राहिले.

चार दिवसांनी भाऊ आला. एव्हाना अप्पांना एकेक शब्द जमायला लागला होता. तो समोर बसला. अप्पांनी तोंडाची खूप खटपट केली.

"पुढं... काय?"

इतक्या वर्षांत त्यांनी थेट त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. भाऊ त्यांच्याजवळ सरकला. मग म्हणाला, "तेलुगू पिक्चर हाय, अप्पा. हॉटेलवाल्याचं काम. चारच सीन हायत."

मेन रोलनंतर पुन्हा चार सीन! मला बरं वाटलं नाही. अप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "कर."

हैदराबादला निघायच्या दिवशी अप्पा हट्टाला पेटले, आपणही स्टेशनवर येणार. आजवर ते त्याला पोचवायला कधी आले नव्हते. गाडी हलली, भाऊ दारात उभा राहून दिसेनासा होईपर्यंत हात करत राहिला. अप्पांना लगेच घरी जायचं नव्हतं. मी खुर्ची चहाच्या स्टॉलकडं वळवली. चहावाल्यानं कप माझ्या हातात देत सहज विचारलं, "कोण गेलं, आजोबा?"

"मुलगा," अप्पा म्हणाले. "माझा मुलगा..." पुढचा शब्द काही येईना. मी सांगणार होते, पण त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. चहावालाही बिचारा किटली धरून उभा राहिला.

"...नट हाय," अप्पा म्हणाले.