गाडी चालू ठेवून शिरखुर्मा मागणाऱ्यांनो

शाळेच्या ग्रुपवरच्या दोस्तांनो, हे तुमच्यासाठीच लिहितोय. राग आला तर येऊ दे.

आज रमजान ईद. नमाज पढून घरी आलो, तर आईनं सतरंजी अंथरून काचेच्या वाट्या पुसून पालथ्या मांडलेल्या. महिनाभर रोजे करून थकलेली बाई पहाटेपासून दूध आटवत होती. का, तर पोरं येणार.

अकराला खाली हॉर्न वाजला. आपला सचिन. गाडी बंद केली नाही, हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "डबा दे की लवकर, गडबड हाय!"

आई नवी साडी सावरत गॅलरीत आली. "वर ये की रे. पाच मिनिटं बस."

"नको चाची, पार्सलच द्या. चौघांचं भरा."

आईनं भरून दिलं. दुपारपर्यंत आणखी तिघांचे मेसेज आले, आमचा डबा कुठाय म्हणून.

अरे, दिवाळीला मी तुमच्या घरात मांडी घालून बसतो. चकल्या पिशवीत भरून द्या म्हणून कधी दारात हॉर्न वाजवलाय काय? आणि दहावीपर्यंत हेच तुम्ही दिवसभर आमच्यात लोळत होता की!

आता संध्याकाळ झाली. वाट्या अजून पालथ्याच आहेत. मघाशी आईनं विचारलं, "माझ्या हातचं खात्यात, मग माझ्यापाशी बसायला का येत न्हाईत?"

तुमच्यापैकी कोण सांगतंय? ग्रुपवर नको. गाडी बंद करा, वर या आणि तिच्यासमोर बसून सांगा.