आठवी पट्टी

लग्नानंतरच्या नऊ वर्षांत मी माझ्या सासऱ्यांना स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर लिफ्ट सुटल्या, स्क्रू ड्रायव्हर सुटला नाही. चांगला चालणारा मिक्सर ‘नीट चालतोय ना’ म्हणून ते उघडत आणि मग तो चालत नसे. जेवतानासुद्धा एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने टेबलाच्या पायाची चाचपणी.

सासूबाई गेल्यावर त्यांनी गच्चीवर मधमाश्या पाळल्या. तिथेही तेच. रोज पेटी उघडायची, चौकटी वर काढायच्या, माश्यांची विचारपूस करायची. माश्या दोनदा पेटी सोडून गेल्या. मोहोळ पकडून आणणारी मधवाली तिसऱ्यांदा आली ती ठणकावूनच. “काका, हे शेवटचं. आठ दिवस झाकणाला हात लावायचा नाही. याही गेल्या तर माझं दार वाजवू नका.” बाबांचा चेहरा उतरला. ती पेटी सोडली तर सकाळी उठायला त्यांच्यापाशी दुसरं कारण नव्हतं. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची.

माश्यांना तयार मेणपत्रा, म्हणजे घरांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा, द्यायला ते राजी नसत. “पोळं त्यांचं, नकाशा आपण कशाला द्यायचा?” चौकटीच्या वरच्या दांडीच्या खाचेत लाकडाची एक पातळ पट्टी मेणाने चिकटवायची, बस्स. त्या रेषेला धरून माश्या पोळं सरळ खाली आणतात. पट्टी पडली तर वाटेल तसं तिरकं बांधतात, चौकटी एकमेकींना चिकटतात आणि मग एकही न मोडता निघत नाही.

सात पट्ट्या त्यांनी स्वयंपाकघरात बसून लावल्या. आठवी माझ्यावर सोपवून ते पेटी समतल आहे का पाहायला पाणसळ घेऊन वर गेले, चौथ्यांदा. मी चमच्याने मेण सोडणार, तोच गॅसवरचं दूध उतू गेलं. परत येईपर्यंत मेण चमच्यातच थिजत आलं होतं. तसंच ओतलं. पट्टी बोटाने हलवून पाहिली, तर हलली. ‘चालतंय’ म्हटलं आणि चौकट बाकीच्यांत ठेवून दिली.

संध्याकाळी मोहोळ पेटीत गेलं. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. “मागितला तरी देऊ नकोस.” आणि पेटीसमोर खुर्ची टाकून बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

आता चुळबुळ मला सुरू झाली. मन चिंती ते वैरी न चिंती. सांगावं तर ते पेटी उघडणार आणि माश्या जाणार. न सांगावं तर पोळं वाकडं. भाजीत दोनदा मीठ पडलं, नवऱ्यावर उगाच खेकसले. वर बाबांनाच ऐकवलं, “जरा धीर धरायला शिका!”

पाचव्या दिवशी ते केस कापायला गेले. मी गच्चीवर जाऊन स्क्रू ड्रायव्हर झाकणाखाली घातला. कट्ट आवाज झाला आणि मूठभर माश्या फटीतून बाहेर आल्या.

“सूनबाई.”

बाबा दारात उभे होते. न्हाव्याकडे गर्दी होती, आणि थांबणं त्यांना कधी जमलंय? मला रडूच फुटलं. दूध, चमचा, हललेली पट्टी, सगळं सांगून टाकलं.

“आधी झाकण दाब,” ते म्हणाले. “पट्टी पक्की आहे. हलवून पाहिल्याशिवाय मी चौकट आत सोडेन? त्याच दिवशी काढून पुन्हा बसवली.”

“मग मला सांगितलं का नाही?” मी चिडलेच.

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो. रोज वाटायचं, आज सांगेल.”

माश्या पेटीभोवती घिरट्या घालत होत्या. जातात की राहतात, कळत नव्हतं. बाबांनी दुसरी खुर्ची ओढली. “बस. हात मांडीखाली घाल.”

तीन दिवस आम्ही दोघं, वेळ मिळेल तसे, असेच बसलो. आठव्या दिवशी मधवालीने झाकण काढलं. आठवी चौकट तिने उचलली, तर तळहाताएवढं पांढरं पोळं खाली सरळ उतरलेलं.

“झकास! ही पट्टी कुणी बसवली?”

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

“बाबांनी,” मी म्हटलं. “मी लावलेली पडली असती.”