पलीकडच्या काठावरची खुशाली

वाळवंटाच्या कडेला असलेल्या अबेशे शहराच्या बाजारात कांदे आणि वाळवलेली भेंडी विकणाऱ्या कल्तूमाला घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा मालट्रक कलंडला, वरची माणसं वाळूत फेकली गेली, सगळीकडे रडारड. ही उठली, अंगावरचं वस्त्र झटकलं आणि कांदे गोळा करायला लागली. "हिच्या छातीत काळीज नाही, कांदाच आहे," असं शेजारच्या बायका तिच्या तोंडावर म्हणत. ती म्हणे, "कांदा तर कांदा. विकत घ्यायचा असेल तर बोला."

अशी बाई ऐन पावसाळ्यात अम-सिद्रला निघाली होती. या दिवसांत शहाणा माणूस घर सोडत नाही. उरलेलं वर्षभर वाळू आणि ऊन, आणि या दोन-तीन महिन्यांत चिखल, डास, तुंबलेले रस्ते. पण लेक खमीसा तिथे सासरी होती आणि दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, ही रीत. खमीसाने निरोपही धाडला होता, येऊ का म्हणून. कल्तूमाने उलट निरोप दिला होता, "पेरणी अर्धी टाकून येऊ नकोस, सासरचे बोलतील. उरकून ये." पेरणी उरकली आणि त्याच आठवड्यात नद्या वाहायला लागल्या. मग आईच निघाली, बाळंतिणीच्या पेजेसाठी बाजरीचं पीठ आणि तुपाचा डबा घेऊन.

नदीशी ट्रक थांबला. एरवी या कोरड्या पात्रात उंट बसतात. आता लाल पाणी झाडं घेऊन चाललं होतं. ड्रायव्हर तिजानीने इंजीन बंद केलं, ट्रकखाली चटई पसरली आणि चहा ठेवला. "उतरेल तेव्हा उतरेल," तो म्हणाला. "अल्लाची नदी आहे, माझी नाही."

दुपारी पलीकडच्या काठावर माणसं जमली. वाट अडली की दोन्हीकडची माणसं अशी समोरासमोर येऊन ओरडून खबरबात विचारतात. त्यांत कल्तूमाला तिचे व्याही दिसले, हसबल्ला. उंच माणूस, पांढरा झगा. ती पाण्याच्या कडेला गेली.

"व्याही! घरचे बरे?"

"बरे! तुम्ही बऱ्या?"

"बरी! गुरं?"

"बरी!"

"पेरा?"

"उगवला, अल्हमदुलिल्लाह!"

एवढं झाल्याशिवाय पुढचं विचारता येत नाही, मग जीव कितीही टांगणीला लागलेला असो.

"खमीसा सुटली का?"

"सुटली! मुलगी झाली!"

ट्रकभोवतीच्या बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी दिली. "आजी झालीस गं!" कुणीतरी तिच्या पाठीत थाप मारली.

"खमीसा बरी आहे ना?"

"बरी, अल्हमदुलिल्लाह! सगळे बरे!"

"दूध आलं का तिला?"

पाण्याचा आवाज फार होता. हसबल्लाने पाण्याकडे पाहिलं. मग ओरडला, "दुधाची काळजी नको! बकरी विकत घेतली आहे! दूध पुष्कळ!"

कल्तूमाने एक पाऊल पाण्यात टाकलं.

"विहीणबाई!" पलीकडून पुन्हा हाक आली. "पाणी उतरू द्या! सावकाश या! घाई नको!"

वाटेवरच्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. तो पोचला, बसला, पाणी प्यायला, की मग सांगायची. रीत चांगलीच आहे, आणि ती पाळण्यासाठी भला माणूस काठावर उभा राहून खोटं बोलतो. पण बाळंतीण घरात असताना बाळासाठी बकरी कोण विकत घेतं, आणि तिच्या आईला सावकाश या कोण म्हणतं? खमीसा गेली होती. कल्तूमाला ते कळलं, आणि कळून काहीच झालं नाही. छातीत काही हललं नाही. आपण पेरणी उरकून ये म्हणालो होतो, हेही तिला आठवलं, पण ते दुसऱ्याच कुणी कुणाला म्हटल्यासारखं.

"बरं!" ती ओरडली. व्याह्यांना तरी कशाला ओशाळं करायचं? "सावकाश येते!"

बायकांनी तोंड गोड करायचा हट्ट धरला. तिने पिशवीतली साखर काढून दिली. तिजानीने चहा दुप्पट गोड केला. "आजीबाई, नातीचं नाव काय ठेवणार?" त्याने विचारलं. "बाप ठेवील," ती म्हणाली आणि चहा प्यायली. गोड लागला नाही, कडूही नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी कमरेइतकं उतरलं. पीठ आणि डबा डोक्यावर घेऊन ती चालत पार झाली. हसबल्लाने तिला बाभळीखाली चटईवर बसवलं, वाळवलेल्या भोपळ्याच्या भांड्यातून पाणी दिलं. ती सगळं प्यायली.

"विहीणबाई," त्याने सुरुवात केली. "अल्लाची मर्जी..."

"कळलं मला. कालच कळलं."

"पण मी तर काही बोललो नव्हतो."

"नव्हता बोलला."

तो पांढऱ्या झग्याच्या बाहीत तोंड घालून रडायला लागला. ती बघत राहिली. आपणही रडायला हवं, हे तिला समजत होतं.

घरी पोचल्यावर बायकांनी गळा काढला आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवली. तिचं नाक खमीसाचं होतं. अंगणात बकरी बांधली होती, काळी, हाडं वर आलेली.

"हिला काय घालता?" कल्तूमाने विचारलं.

"चरायला सोडतो," हसबल्ला म्हणाला.

"नुसत्या गवतावर दूध टिकणार नाही." तिने पोरगी एका बाईच्या हाती दिली, डोक्यावरून आणलेलं पीठ सोडलं, परातीत पाण्यात कालवलं, वर चमचाभर तूप घातलं, जसं खमीसासाठी घालणार होती, आणि परात बकरीच्या तोंडाशी धरली. बकरी खाऊ लागली, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.