लाल गाडीचा पहिला गिअर

स्वतःची फजिती स्वतःच सांगायची हौस मला नाही. पण आमची मंगल, म्हणजे आमची बायको, हा किस्सा गावभर सांगत सुटली आहे आणि तिच्या तोंडून मी फारच गाढव वाटतो. तेव्हा चहा घ्या आणि माझ्याकडूनच ऐका. मी सांगितल्यावरही गाढवच वाटेन, पण निदान जरा मानानं.

माझ्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, वयानं जवळजवळ माझ्याएवढी. तिच्या गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत ज्या सळ्या जातात, त्यांचे सांधे पार झिजले होते. दांडा नुसता खुळखुळायचा. पहिला गिअर हवा तर दांडा डावीकडे, शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर आपटेपर्यंत ढकलायचा आणि मग वर. वीस वर्षं मी तशीच चालवली. मंगलच्या उजव्या गुडघ्याला विचारा!

शेवटी तिनं निकाल दिला. रविवारी तिच्या बहिणीकडे हडपसरला या गाडीतून धड नेलं, तर गाडी राहील. नाहीतर खराडीचा एक कंप्युटरवाला कधीपासून मागतोय, त्याला देऊन टाकायची. गाडी विकायची? माझी? रागानं मी दोन दिवस जेवताना बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मग गाडी खडकीला साळुंख्यांकडे टाकली. साळुंख्यांचं अख्खं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलेलं, आता घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्या बघतात. बाजारात भाग मिळेनात, म्हणून त्यांनी सांध्यांत बसणारे सगळे बुश, म्हणजे आतल्या कड्या, पितळेतून स्वतः कातले, बसवले आणि शनिवारी गाडी आमच्या पार्किंगमध्ये आणून लावली. मी झोपलो होतो.

रविवारी मंगल नवी साडी नेसून शेजारी बसली. मी ऐटीत दांडा डावीकडे हाणला, वर सारला, क्लच सोडला. आणि गाडी गेली मागे! थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर. ते गॅलरीतच उभे होते. म्हणाले, "चालू द्या तुमचं. स्कूटर काय, पडतच असते."

माझं डोकं फिरलं. तिसऱ्या प्रयत्नात पहिला गिअर कसाबसा पडला आणि बाहेर पडलो. पहिल्याच सिग्नलला हिरवा दिवा लागला, सगळं पुणं पुढे निघालं आणि मी मागे! मागच्या रिक्षावाल्यानं खाली उतरून आपला दिवा पाहिला, मग मला पाहिलं. "काका, जायचंय कुठं नक्की?" त्यानं अगदी शांतपणे विचारलं.

कुठं म्हणजे? खडकीला! गाडी तशीच वळवली. मंगल बहिणीला फोन करून उशीर होईल म्हणून सांगत होती आणि मी साळुंख्यांना काय काय ऐकवायचं त्याची तालीम करत होतो. वाटेत आणखी दोनदा मागे गेलो. माझा आवाज साळुंख्यांच्या शेडमध्ये गाडीच्या आधी पोचला असणार. गिअर उलटे बसवलेत, आयुष्यभर हेच केलंत का, एका म्हाताऱ्या माणसाची गाडी विकायला लावताय, असं तोंडाला येईल ते मी बोललो.

साळुंखे हात पुसत आले, गाडीत बसले आणि त्यांनी दोन बोटांनी गिअर टाकला. गाडी पुढे गेली.

"साहेब, गाडी बराबर हाय," ते म्हणाले. "पयल्याच्या पलीकडं रिव्हर्स असतो. मधी स्प्रिंग हाय. ती तुमाला नको म्हणतीय आन् तुमी तिला हाणून पुढं जाताय."

माझ्या हाताला वीस वर्षांची सवय आहे, असं मी ओरडलो.

"तेच म्हणतोय. गाडीची झीज काढली. हाताची कशी काढू?"

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी काय केलं? साळुंख्यांना खोटं पाडायचं म्हणून म्हटलं, "मंगल, तू बस. बघू तुला तरी पडतो का!"

मंगल बँकेतल्या नोकरीत असल्यापासून स्वतःची छोटी गाडी चालवते. तिनं पदर खोचला आणि ती बसली. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यातून सुरी फिरावी तसे. कोपऱ्यापर्यंत जाऊन वळून आली. चेहऱ्यावर काही नाही. मला उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं. नाचता येईना, ती म्हण तुम्हाला माहीत आहे, पुढची मी सांगत नाही.

हडपसरपर्यंत तिनंच चालवली. गाडी विकायची नाही, हेही परस्पर तिनंच ठरवून टाकलं. खराडीवाल्याला तिनंच नाही म्हणून कळवलं, किल्ली तिच्या जुडग्यात गेली आणि दर रविवारी सकाळी ती मला गाडी शिकवायला लागली. मी रागीट म्हणून प्रसिद्ध आहे, पण ही बाई शिकवताना काय चिडते हो!

कालच्याच रविवारी सिग्नलला मी पुन्हा मागे गेलो. तिनं हँडब्रेक ओढला आणि म्हणाली, "अहो, उतरा. घरी चालत या."

आलो.