सदऱ्याचं ओलं टोक

या पानावरचे अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि मनसोक्त हसतो. हडळ, चकवा, उलटे पाय... येऊ द्या. माझा विश्वास फक्त पेडिग्रीवर, म्हणजे कुत्र्याच्या खानदानाच्या कागदावर. गेली पंधरा वर्षं मी जर्मन शेफर्डची पिल्लं तयार करून विकतो. नाहूरला छोटा गाळा आहे, आणि घर मुलुंड पश्चिमेला, डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर. आज मीच लिहायला बसलोय, तर तुम्हीही हसा. हरकत नाही.

शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. माझ्या कुत्र्यांनी मेंढी पाहिलीय ती फक्त बिर्याणीत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दिसायला एकदम पोलीस डॉग पाहिजे, पण भुंकणारा नको हां. सोसायटीत प्रॉब्लेम होतो." मग मी काय करायचो? पिल्लं पाच आठवड्यांची झाली की घरी आणायचो आणि त्यांच्याजवळ स्टीलचं ताट पाडायचो... ठण्ण! जे पिल्लू दचकून भुंकलं किंवा ताटाकडे धावलं, ते फार्महाऊसवाल्याला देऊन टाकायचं. ज्याने मानही उचलली नाही, ते पुढच्या पैदाशीला ठेवायचं. मग त्याची पिल्लं, त्यांच्यासमोर पुन्हा ताट. या धंद्यात मी एकदम झकास नाव काढलं.

बॅरन त्या सगळ्याचा कळस. तीन शोमध्ये पहिला. पाठ मागे अशी उतरती की परीक्षक वाकून बघत राहायचे. जिना चढताना मात्र त्याला मागून ढकलावं लागायचं.

माझे वडील, आप्पा, बॅरनला 'सोफो', म्हणजे सोफा, म्हणतात. गिरणीत आयुष्य गेलेला मालवणी माणूस, वय एक्क्याऐंशी. हल्ली बरंचसं विसरतात, टोमणे सोडून. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी आमचीच बैठी चाळ होती. तेव्हा आप्पांकडे तांबू होती. एका धनगराच्या कळपातून आणलेली लाल रंगाची कुत्री. तिला मेंढ्या नव्हत्या, म्हणून ती आम्हा पोरांना राखायची. संध्याकाळी डोंगरावर येऊन एकेकाला गोळा करायची. कोणी आलं नाही की शर्टाचं टोक दातात धरून ओढायची. आणि एखादं पोर सापडत नसलं की भुंकायची ती एकाच पद्धतीने... दोन तुटक, एक लांब. तो आवाज आला की चाळीतल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. तांबू जाऊन चाळीस वर्षं झाली. तिला पुरलं तिथे आता वॉचमनचं टेबल आहे.

मागच्या फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे चार. मी पिल्लांना बाटलीने दूध पाजत होतो. सुनीता, माझी बायको, हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "अरे, आप्पा कुठेयत? दार सताड उघडंय."

दारातच बॅरन आडवा पसरलेला. म्हणजे आप्पा त्याला ओलांडून गेले होते.

"काय रे हा तुझा चॅम्पियन," सुनीता म्हणाली. "पायपुसण्यालासुद्धा पाय अडखळतो, याला तेवढंही जमलं नाही."

बिल्डिंगमागे पायवाट डोंगरावर जाते. वर जुनी दगडाची खाण आहे, सरळ तुटलेला कडा. शिवाय महिनाभरात दोनदा बिबट्या दिसला होता. सुनीता रस्त्याच्या बाजूला धावली. मी बॅरनला साखळी लावली, आप्पांचं बनियन त्याच्या नाकाशी धरलं आणि म्हणालो, "शोध."

त्याने बनियन हुंगलं आणि माझ्या खिशाकडे बघितलं. बिस्किटासाठी. बॅरनचे पणजोबा धुक्यात दोनशे मेंढ्या सांभाळत असतील, आणि आमचे साहेब खिसा सांभाळत होते. शंभरेक पावलं चढलो आणि साहेब खाली बसले. मागचे पाय थरथरायला लागले होते. मी साखळी ओढली, शिव्या दिल्या, शेवटी हातसुद्धा जोडले. तो जीभ बाहेर काढून प्रेमाने बघत राहिला. त्याची चूक नव्हती हो. ते पाय मी केले होते, ते नाकही मीच केलं होतं.

साखळी एका झाडाला बांधली. ऐंशी ओलांडलेला बाप डोंगरात, ऊन उतरायला लागलेलं, आणि माझ्याजवळ घरभर कुत्रे असून एकही कुत्रा नव्हता.

तेवढ्यात वरून आवाज आला. दोन तुटक, एक लांब.

मी बावन्न वर्षांचा माणूस आहे, डॉक्टरांची दोनदा बायपास सांगून झालीय. पण त्या क्षणी मी आठ वर्षांचा झालो आणि मनात पहिला विचार आला तो असा, की घरी जायला उशीर झाला, आता मार पडणार. दुसरा विचार यायच्या आत मी धावत होतो. मी थांबलो की आवाज थांबायचा. चुकीच्या बाजूला वळलो की पुन्हा यायचा.

खाणीच्या कड्याच्या अलीकडे, दहा पावलांवर, आप्पा दगडावर बसले होते. एक चप्पल गायब, घोटा सुजलेला. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"इलंस?" ते वैतागून म्हणाले. "मगासधरना भुकता ती. कान फुटले काय तुझे?"

"कोण भुंकतंय आप्पा?"

"कोण म्हणान काय इचारतस? तांबू. फुडे जावक देयना माका. सदरो फाडल्यान."

सदऱ्याचं डावं टोक फाटलं होतं. मी हात लावला. ते ओलं होतं, चिकट, कोमट. मी रोज कुत्र्यांची लाळ पुसणारा माणूस आहे. ती लाळ कशी लागते ते मला कोणी सांगायला नको.

आप्पांना पाठीवर घेऊन उतरलो. येताना बॅरनला सोडलं. तो लगेच उठला, कारण उतार होता.

सगळे म्हणाले, भटका कुत्रा असेल. मीही तेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी वॉचमन यादवने सीसीटीव्ही लावून दाखवला. चारच्या आधी तो पाण्याचा पंप चालू करायला गेला होता. रिकामं टेबल, त्यावर रजिस्टर. आप्पा गेटमधून बाहेर पडतात आणि अडखळतात. सदऱ्याचं डावं टोक मागे ताणलं जातं, गुडघ्याच्या उंचीवर, अगदी सरळ. आप्पा मागे हात झटकतात, हसतात, चालायला लागतात. टोक तसंच ताणलेलं. रजिस्टरचं पान हलत नाही. मागे काहीच नाही.

"साब," यादव हळूच म्हणाला, "अंकल को तो कोई रोक रहा है."

मग त्याआधीचं, लॉबीतल्या, आमच्या दारासमोरच्या कॅमेऱ्यातलं. आप्पा बॅरनला ओलांडतात. तो मान उचलतो, बघतो, पुन्हा मान खाली ठेवतो. तो भाग मी यादवला पुन्हा लावायला सांगितला नाही.

वारा, भटका कुत्रा, माझ्या कानांचे भास... सगळं लावून बघितलं. काहीच बसत नाही. बॅरनने मान का खाली ठेवली, याचं उत्तर मात्र आहे, आणि ते माझ्या स्वयंपाकघरात मांडणीवर आहे.

मागच्या आठवड्यात नवीन सहा पिल्लं घरी आणली. म्हटलं, या वेळी उलटं करू. जे भुंकेल ते ठेवायचं, तेच पुढे वाढवायचं. ताट पाडलं... ठण्ण! एकाचंही डोकं वर आलं नाही. पुन्हा पाडलं. एकाने कूस बदलली. पंधरा वर्षांचं काम, पक्कं झालं होतं.

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आप्पांचा आवाज आला. मला वाटलं, माझ्याशी बोलतायत. ते खाली बघत होते. त्यांचा हात खुर्चीबाहेर, गुडघ्याच्या उंचीवर, हवेत मागेपुढे फिरत होता, एखाद्याच्या मानेवरचे उभे राहिलेले केस बसवावेत तसा.

"गप गो," ते म्हणाले. "ताट पडला नुसता. निज."